जमिनीखालचे पाणी आणि आकाशातले अणू

नंदुरबार जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की आधी दोन नद्या दिसतात. उत्तरेच्या सीमेवरून नर्मदा जाते, मधून तापी. दोघी पश्चिमवाहिनी, दोघींच्या मध्ये सातपुडा. नर्मदेवर सरदार सरोवर उभे राहिले तेव्हा अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बुडितात गेली. मणिबेली त्यांतले पहिले. तापीवरचे उकाई धरण त्याआधीच, १९७२ साली पूर्ण झाले होते आणि त्याच्या फुगवट्याने नवापूरकडच्या जमिनी घेतल्या होत्या. सारंगखेडा आणि प्रकाशा इथल्या बॅरेजमध्येही आता तापीचे पाणी अडलेले असते. इतके पाणी ज्याच्या अंगाखांद्यावर आहे, त्याच जिल्ह्यात धडगावच्या पाड्यांवरच्या बाया उन्हाळ्यात डोंगर उतरून झऱ्यावर हंडे भरायला जातात, आणि शहाद्याच्या केळी-पपईच्या पट्ट्यात बोअर आणखी किती फूट खाली न्यायची याचा हिशेब घरोघर चालतो.

धरणातले पाणी दिसते, म्हणून मोजता येते. भिंतीवरची मोजपट्टी वाचली की साठा कळतो. जमिनीखालच्या पाण्याला अशी मोजपट्टी नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. हे काम मोलाचे आहे. आज आपल्याला भूजलाविषयी जे काही कळते त्याचा पाया तेच आहे. पण विहीर स्वतःपुरते सांगते. दोन विहिरींच्या मधल्या जमिनीत काय आहे, हे तिला ठाऊक नसते. शिवाय ती पाण्याची पातळी सांगते, पाणी किती ते सांगत नाही. या दोन गोष्टींतला फरक किती मोठा आहे ते पुढे येईलच.

या पुस्तकाचा विषय आहे अवकाशातून पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण मोजणारे क्वांटम संवेदक. अतिशीत अणू, लेसर, उपग्रह ही सारी मंडळी नंदुरबारच्या शिवारापासून फार लांबची वाटतील. मला मात्र हा विषय इथूनच समजून घ्यावासा वाटतो. गुरुत्व मोजणे म्हणजे वस्तुमान मोजणे, आणि पाणी हे वस्तुमान आहे. जमिनीखालचे पाणी खणल्याशिवाय तोलण्याचा हाच एक मार्ग भौतिकशास्त्राने आपल्याला दिला आहे. आज तो मार्ग देशाएवढ्या, मोठ्या खोऱ्याएवढ्या प्रदेशाला उपयोगी पडतो. जिल्ह्याएवढ्या भूभागापर्यंत तो कधी आणि कसा पोहोचेल, हा या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे.

आधी मोजमापाचे गणित पाहू. नंदुरबारच्या अक्षांशावर वरून सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला सुमारे ९७८.७ सेंटिमीटर प्रतिसेकंद एवढा वाढतो. एक सेंटिमीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद या त्वरणाला गॅलिलिओच्या नावावरून एक गॅल म्हणतात. त्याचा हजारावा भाग मिलिगॅल, दहा लाखावा भाग मायक्रोगॅल. ही ओढ सगळीकडे सारखी नसते. प्रकाशाच्या घाटावरून तोरणमाळच्या पठारावर गेलो की आपण साधारण हजार मीटर चढतो. पृथ्वीच्या केंद्रापासून लांब गेल्यामुळे दर मीटरमागे ०.३०८६ मिलिगॅल कमी होतात, म्हणजे हजार मीटरमागे तीनशेहून थोडे अधिक. पण चढताना पायाखाली डोंगराचा दगडही आलेला असतो. तो स्वतःची ओढ लावतो आणि शंभराहून थोडे अधिक मिलिगॅल परत मिळवून देतो. उरलेली घट सुमारे दोनशे मिलिगॅलची. चांगल्या यंत्राला हा फरक फार ढोबळ आहे.

पाण्याचा परिणाम याहून कितीतरी बारीक असतो. जमिनीवर दूरवर एक मीटर जाडीचा पाण्याचा थर पसरला, तर त्याची ओढ सुमारे ४२ मायक्रोगॅल भरते. आता विहिरीकडे या. मुरूम आणि फुटलेल्या काळ्या पाषाणात पाणी मावायला जागा थोडी. शंभर भागांत दोन भाग धरा. अशा ठिकाणी विहिरीची पातळी ५ मीटर उतरली, तर प्रत्यक्षात गेलेले पाणी १० सेंटिमीटर जाडीचे, आणि गुरुत्वातली घट अवघी ४ मायक्रोगॅल. तापीच्या गाळाच्या जमिनीत शंभरात दहा भाग जागा धरली, तर तेवढ्याच ५ मीटरच्या उतारात ५० सेंटिमीटर पाणी गेलेले असते, आणि घट होते २१ मायक्रोगॅल. दोन्ही विहिरींच्या नोंदवहीत आकडा एकच: पाच मीटर. पाणी मात्र पाचपट. पातळी आणि साठा यांतला हा फरक गुरुत्व थेट दाखवते. अडचण एवढीच की ४ मायक्रोगॅल म्हणजे एकूण ओढीच्या चोवीस कोटींतला एक भाग. तो पकडायला असामान्य यंत्र लागते.

इथली जमीन या मोजणीसाठी विशेष आव्हानाची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांतून आपला काळा पाषाण तयार झाला. लाव्हा ज्या भेगांतून वर आला त्यांतल्या अनेक भेगा नंतर त्याच लाव्हाने भरून गेल्या आणि थिजल्या. जमिनीत उभ्या गाडलेल्या या दगडी भिंतींना भूशास्त्रात डाइक म्हणतात. नंदुरबार-धुळ्याचा डाइकांचा समूह भूशास्त्रज्ञांमध्ये प्रसिद्ध आहे. आयआयटी मुंबईतल्या संशोधकांनी २००७ साली त्यातल्या दोनशेहून अधिक डाइकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतले बहुतेक पूर्व-पश्चिम दिशेने धावतात. ज्याने विहीर खणली आहे त्याला या भिंतींचे महत्त्व वेगळे सांगायला नको. डाइक कुठे पाणी अडवतो, कुठे त्याच्या भेगांतूनच पाणी मिळते, आणि एकाच्या बांधाला भरपूर पाणी असताना पलीकडच्या शेतात कोरडा दगड लागतो. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा आणि गाळाचा जाड पट्टा आहे. शहादा आणि तळोद्याची बागायत बरीचशी त्याच्यावर उभी आहे. शिवाय नर्मदा-तापीच्या पट्ट्यात गुरुत्व आजूबाजूपेक्षा जास्त भरते. सगळ्याच्या खाली, लाव्हाच्या काळात कित्येक किलोमीटर खोल थिजलेला जड खडक हे त्याचे कारण अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे वरून येणारा गुरुत्वाचा आकडा एक असतो आणि त्यात खोलचा खडक, डाइक, गाळ, नदी, धरण आणि भूजल या सगळ्यांची बेरीज असते. खडक माणसाच्या आयुष्यात बदलत नाही, पाणी ऋतूंबरोबर बदलते. म्हणून मोजणी एकदा करून भागत नाही. पुन्हा पुन्हा करावी लागते आणि दोन मोजण्यांतला फरक वाचावा लागतो.

या देशाला गुरुत्वाच्या मोजणीची ओळख जुनी आहे आणि तिचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. अवजड थिओडोलाइट घेऊन तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचे निधन झाले. त्याची कबर तिथेच आहे. जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. तेव्हा एक विसंगती समोर आली. कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठाण्यांमधले अंतर जमिनीवर मोजून जे आले, ते ताऱ्यांवरून काढलेल्या अंतराशी जुळेना, ५.२३६ विकलांचा फरक पडत होता. हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे खेचत असणार, हे उघड होते. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी ही ओढ गणिताने काढली, तर ती प्रत्यक्षापेक्षा सुमारे तिप्पट आली. हिमालय दिसतो तेवढा भारी का भरत नाही? १८५५ साली जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवले की पर्वताला खाली हलक्या खडकाचे मूळ असते आणि तो जड थरात तरंगल्यासारखा उभा असतो. पृथ्वीच्या कवचाविषयीचा हा मूलभूत विचार भारतातल्या मोजणीतल्या काही विकलांतून जन्माला आला. पुढे १८६५पासून कॅप्टन बसेवी यांनी लंबक घेऊन देशभर गुरुत्व मोजले. उंचावरच्या मोजणीसाठी ते लडाखला गेले आणि १८७१ साली तिथेच मरण पावले. फार थोड्या आकड्यांसाठी माणसांनी आयुष्य घातले, आणि त्या आकड्यांनी पृथ्वीविषयीची समजूत बदलली.

लंबकानंतर स्प्रिंगची यंत्रे आली, मग निर्वात नळीत आरसा सोडून लेसरने त्याचे पडणे मोजणारी यंत्रे आली. ती फार अचूक आहेत, पण एका वेळी एकाच जागेचे मोजतात. सगळी पृथ्वी वरचेवर मोजायची तर वर जावे लागते. १७ मार्च २००२ रोजी नासा आणि जर्मनीच्या सहकार्यातून ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी अवकाशात गेली. सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर, एकामागे एक, २२० किलोमीटर अंतर ठेवून दोघे फिरत. पुढचा उपग्रह जास्त वस्तुमानाच्या प्रदेशाजवळ आला की आधी तो खेचला जाई आणि दोघांतले अंतर किंचित वाढे; मागचा तिथे पोहोचला की ते पुन्हा कमी होई. हे अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत मोजून महिन्याला पृथ्वीच्या गुरुत्वाचा एक नकाशा तयार होत असे. ग्रेसचे काम २०१७ साली संपले आणि मे २०१८मध्ये ग्रेस-फॉलोऑन ही नवी जोडी गेली. तिच्यात लेसरने अंतर मोजण्याची सोयही आहे.

भारताला ग्रेसने एक कठोर सत्य दाखवले. रॉडेल, वेलिकोग्ना आणि फॅमिग्लिएटी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली मिळून सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल कमी झाले. त्या काळात पाऊस विशेष कमी झालेला नव्हता. उपसा जास्त होता. एकाही विहिरीत न डोकावता काढलेला हा आकडा होता आणि त्याने भूजलाच्या चर्चेचे स्वरूप बदलले.

मग नंदुरबारचा आकडा का निघत नाही? इथे प्रदेशाच्या आकाराचा प्रश्न येतो. ग्रेसची नजर साधारण तीनशे किलोमीटरच्या पलीकडचा तपशीलच विश्वासाने वेगळा काढू शकते. तीनशे गुणिले तीनशे म्हणजे ९० हजार चौरस किलोमीटर. नंदुरबार जिल्हा पाच-सहा हजार चौरस किलोमीटरचा. साऱ्या जिल्ह्यातले भूजल १० सेंटिमीटर पाण्याच्या थराइतके घटले, तर वजनात ती घट ५० ते ६० कोटी टन होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही आपत्ती आहे. ९० हजार चौरस किलोमीटरवर ती पसरली की उरतो एक सेंटिमीटरहूनही कमी थर, आणि तो मोजणीच्या चुकीत हरवून जातो. त्यात आपले शेजारी भारी. सरदार सरोवराची एकूण साठवण सुमारे साडेनऊ अब्ज घनमीटर, उकाईची मूळ आराखड्यातली सुमारे साडेआठ अब्ज. एक घनमीटर पाणी एक टन, म्हणजे पावसाळ्यात ही दोन धरणे भरताना कित्येक अब्ज टन वजन जिल्ह्याच्या उंबऱ्यावर येऊन बसते आणि उन्हाळ्यापर्यंत उतरते. उपग्रहाला वजन वाढलेले कळते. ते उकाईत वाढले की तळोद्याच्या गाळात, हे कळत नाही. धरणांचे आकडे उपलब्ध असल्याने ते वजा करता येतात, पण वजाबाकी जेवढी मोठी तेवढी चुकीला जागा अधिक. नंदुरबारसारख्या जिल्ह्यापुरते पाणी तोलायचे असेल, तर नजर अधिक बारीक हवी आणि आजच्या यंत्रांहून अधिक स्थिर हवी.

इथे अणू कामाला येतात. क्वांटम भौतिकी सांगते की अणू हा कण असतो आणि लाटेसारखाही वागतो. रुबिडियमचा अणू खोलीच्या तापमानाला सेकंदाला तीनशे मीटरच्या आसपास वेगाने धावत असतो. त्याच्यावर सर्व बाजूंनी योग्य रंगाच्या लेसरचा मारा केला की तो मंदावतो, आणि अणूंचा ढग शून्याखाली २७३ अंशांच्या त्या शेवटच्या मर्यादेच्या अगदी जवळ, अंशाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत थंड होतो. तेव्हा अणूंचा वेग सेकंदाला एक-दोन सेंटिमीटर उरतो. या तंत्रासाठी स्टीव्हन चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि विल्यम फिलिप्स यांना १९९७चे नोबेल पारितोषिक मिळाले. अणू आणखी थंड केले की ते सारे एकाच लाटेसारखे वागू लागतात. बोस-आइन्स्टाइन संघनन म्हणतात त्या या अवस्थेचे मूळ सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्याहून आइन्स्टाइनना पाठवलेल्या निबंधात आहे.

असा थंड ढग निर्वात नळीत मोकळा सोडतात आणि तो पडत असताना त्याच्यावर लेसरचे तीन ठोके देतात. पहिला ठोका प्रत्येक अणूची लाट दोन वाटांवर विभागतो, दुसरा त्या वाटा एकमेकींकडे वळवतो, तिसरा त्यांना एकत्र आणतो. विहिरीत दोन खडे टाकले की तरंग जिथे भेटतात तिथे कुठे पाणी उंचावते, कुठे स्थिर राहते. तशीच गाठ इथे अणूच्या दोन लाटांची पडते. ती गाठ कशी पडली यावरून अणू किती त्वरणाने पडत होते ते निघते. मार्क कासेविच आणि चू यांनी स्टॅनफर्डमध्ये १९९१ साली हे करून दाखवले. या पद्धतीचे मोठे सामर्थ्य असे की इथे मोजपट्टी म्हणजे लेसरच्या प्रकाशाची लांबी आणि मोजली जाणारी वस्तू म्हणजे अणू. रुबिडियमचा प्रत्येक अणू दुसऱ्यासारखाच असतो. त्याची स्प्रिंग सैल होत नाही, तो झिजत नाही, दहा वर्षांनीही तेच उत्तर देतो. दुष्काळाच्या आणि सुकाळाच्या वर्षांची तुलना करायची तर नेमका हाच गुण लागतो.

हे आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. २०२०पासून इटलीतल्या एटना ज्वालामुखीच्या शिखराजवळ असे यंत्र ठेवून खाली हलणाऱ्या द्रव्यावर नजर ठेवली गेली. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने २०२२ साली उघड्यावर मोजणी करून रस्त्याखालचा दोन मीटरचा बोगदा शोधून दाखवला.

अवकाशात या यंत्राला एक मोठा लाभ मिळतो. मोजणीची तीक्ष्णता ठोक्यांमधल्या वेळेच्या वर्गाने वाढते. वेळ दहापट झाली तर तीक्ष्णता शंभरपट. जमिनीवर अणू एका सेकंदात जवळजवळ पाच मीटर खाली पडतो, म्हणून वेळ वाढवायची तर नळी उंच करावी लागते. स्टॅनफर्ड, वुहान, हॅनोव्हर इथे दहा मीटरच्या नळ्या त्यासाठीच बांधल्या गेल्या. कक्षेत मात्र उपग्रह आणि अणू बरोबरच पडत असतात, त्यामुळे छोट्या पेटीतही अणू कित्येक सेकंद समोर राहतो. पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. दोघेही एकत्र पडत असल्याने उपग्रहातला एकटा अणूंचा ढग पृथ्वीची ओढ थेट दाखवत नाही. तो दाखवतो उपग्रहाला विरळ हवेने आणि सूर्यप्रकाशाने दिलेले धक्के. ते अचूक कळले की हिशेबातून काढता येतात आणि मागे शुद्ध गुरुत्व उरते. दुसरी रीत अशी की दोन ढग एकमेकांपासून थोड्या अंतरावर ठेवायचे आणि त्यांच्या पडण्यातला फरक मोजायचा. हा फरक म्हणजे गुरुत्व जागेगणिक कसे बदलते याचे थेट मोजमाप. उपग्रहाचे धक्के दोन्ही ढगांना सारखेच लागतात आणि वजाबाकीत निघून जातात. पुस्तकातली दोन मोठी प्रकरणे या दोन रीतींवर आहेत.

आजवरची पावले थोडक्यात सांगतो. २३ जानेवारी २०१७ रोजी स्वीडनहून उडालेल्या जर्मन रॉकेटमध्ये काही मिनिटांच्या उड्डाणात अवकाशात पहिल्यांदा बोस-आइन्स्टाइन संघनन तयार झाले. मे २०१८मध्ये नासाची कोल्ड ॲटम लॅब आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर गेली आणि तिथे अणूंच्या लाटांची गाठही घालून पाहिली गेली. युरोपने २०२२च्या अखेरीस कॅरिओका हा प्रकल्प सुरू केला; फ्रान्स आणि जर्मनीच्या अवकाश संस्था त्यात पुढे आहेत आणि उपग्रहावर क्वांटम त्वरणमापक चालवून दाखवणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. नासाने एप्रिल २०२५मध्ये दोन ढगांच्या रीतीचे सुमारे १२५ किलोचे यंत्र या दशकाच्या अखेरीस पाठवण्याचा बेत जाहीर केला. ही सगळी चाचणीची यंत्रे आहेत. नंदुरबारच्या भूजलाचा नकाशा ती लगेच हातात देणार नाहीत, आणि तसे सांगणे वाचकाची फसवणूक ठरेल.

मर्यादा कुठे आहेत, हे या पुस्तकात लपवलेले नाही. पहिली मर्यादा उंचीची. जमिनीवरचा बारीक तपशील उंचीबरोबर झपाट्याने विरतो. शंभर किलोमीटर रुंदीचे कमी-जास्त वस्तुमानाचे पट्टे आलटून पालटून असले, तर ५०० किलोमीटर उंचीवर त्यांचा प्रभाव सुमारे ६६ लाखांत एक भाग उरतो. २५० किलोमीटरवर अडीच हजारांत एक. यंत्र कितीही तीक्ष्ण केले तरी हा नियम बदलत नाही, खालीच यावे लागते. युरोपचा गोसे उपग्रह २००९ ते २०१३ या काळात सुमारे २५५ किलोमीटरवर आणि अखेरीस त्याहूनही खाली उडाला. हवेचा विरोध तोडायला त्याला सतत विद्युत-इंजिन चालवावे लागले आणि इंधन संपल्यावर तो पडला. दुसरी मर्यादा वेळेची. उपग्रह एका जागेवर पुन्हा येईपर्यंत दिवस जातात आणि मधल्या वेळात हवा व समुद्र हलत राहतात. नंदुरबारपासून फार दूर नसलेल्या खंभातच्या आखातातली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी आहे. दिवसातून दोनदा येणारे-जाणारे ते पाणी हिशेबातून काढले नाही, तर ते आपल्या भूजलाच्या आकड्यात शिरते. मान्सूनच्या ढगांचे आणि हवेच्या दाबाचेही तेच. त्यासाठी वेगवेगळ्या कक्षांत उपग्रहांच्या एकाहून अधिक जोड्या लागतील. नासा-जर्मनीची पुढची जोडी २०२८च्या सुमारास आणि युरोपची जोडी त्यानंतर पाठवण्याची आखणी आहे. क्वांटम संवेदक या साऱ्याला दीर्घकाळ न ढळणारी मोजणी देतो. उंची, कक्षा आणि भरतीचे गणित हे प्रश्न आपापल्या जागी राहतात.

तिसरी मर्यादा मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण तिच्यावर आपण आजच काही करू शकतो. आकाशातून येईल ती बेरीज. ती वाटून दाखवणारे आकडे जमिनीवरूनच मिळतील: धरणांची आणि बॅरेजची पातळी, पावसाची नोंद, मातीतली ओल, निरीक्षण विहिरींचे वाचन, डाइकांचे नकाशे, उपसापंपांनी विहिरीतून किंवा बोअरमधून काढलेले पाणी. जमीन एक सेंटिमीटर खचली तर गुरुत्व ३ मायक्रोगॅलने बदलते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो-नासाचा निसार उपग्रह दर बारा दिवसांनी जमिनीची अशी हालचाल टिपू शकतो, म्हणून त्याची जोड इथे मोलाची आहे. वरचे यंत्र जितके तीक्ष्ण होईल, तितकी खालची चोख नोंद अधिक लागेल. ज्या जिल्ह्याकडे दहा-पंधरा वर्षांच्या विहिरींच्या नोंदी असतील, त्याला नवा उपग्रह बरेच काही सांगेल. ज्याच्याकडे नसतील, त्याला तो एक संदिग्ध आकडा देईल.

या कामाची साधने आता महाराष्ट्रातच तयार होत आहेत. केंद्र सरकारने १९ एप्रिल २०२३ रोजी ६,००३.६५ कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. त्याच्या चार केंद्रांपैकी संवेदन आणि मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे. पुण्याच्या आयसरमध्येही क्वांटम तंत्रज्ञानाचे केंद्र आणि अतिशीत अणूंची प्रयोगशाळा आहे. या संस्थांत घडणाऱ्या गुरुत्वमापकांची परीक्षा कुठे व्हावी? मला वाटते, नंदुरबारइतकी योग्य जागा थोडी सापडेल. एका जिल्ह्यात इथे काळा पाषाण आहे, जाड गाळ आहे, डाइक आहेत, हजार मीटरचा चढ आहे, दोन मोठी धरणे शेजारी आहेत आणि नवापूरपासून शहाद्यापर्यंत पावसाचे प्रमाण बदलत जाते. प्रकाशा, तळोदा, नवापूर आणि तोरणमाळ इथे कायमची गुरुत्व-ठाणी रोवली, दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तिथे मोजणी केली, आणि शेजारच्या निरीक्षण विहिरींचे वाचन त्याच दिवशी घेतले, तर पाच वर्षांत असा नोंदसंग्रह उभा राहील की कोणत्याही देशाच्या उपग्रहाला त्याचा आधार घ्यावा लागेल. या कामाला जिल्ह्यातली महाविद्यालये पुरतील. भूगोल आणि भौतिकीचे विद्यार्थी, विहिरींचे मालक आणि भूजल यंत्रणेचे कर्मचारी पुरतील.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. आधी गुरुत्व आणि त्याच्या मोजणीचा इतिहास, मग दख्खनचा पाषाण आणि त्यातले पाणी, मग उपग्रह, मग अणूंच्या लाटा, आणि शेवटी जमिनीवर करायची कामे. गणित जिथे टाळता आले नाही तिथे ते ठेवले आहे, पण प्रत्येक सूत्राशेजारी त्याचा अर्थ साध्या शब्दांत दिला आहे. भौतिकी शिकवणाऱ्या शिक्षकाने आधी चौथा भाग वाचला तरी चालेल. ज्याचा संबंध रोज पाण्याशी येतो, त्या सरपंचाने, जलसेवकाने किंवा बागायतदाराने दुसरा आणि शेवटचा भाग आधी वाचावा. उरलेले त्यातून आपोआप हवेसे वाटेल.

पाण्यावरचे निर्णय आपल्याकडे बहुधा उन्हाळ्यात, टंचाई दारात आल्यावर होतात. किती उपसायचे, कुठे बंधारा घालायचा, कोणते पीक घ्यायचे, हे ठरवायला साठ्याचा खरा आकडा हातात हवा, आणि तो पावसाळा संपतानाच हवा. उपग्रहातले अणू तो आकडा जिल्ह्यापर्यंत आणण्याची शक्यता पहिल्यांदाच समोर ठेवत आहेत. ते वर जाईपर्यंत हाताशी काही वर्षे आहेत. तेवढ्या वर्षांत प्रत्येक गावाने आपल्या किमान एका विहिरीची पातळी ठरल्या दिवशी मोजून वहीत लिहायला सुरुवात केली, तर नंदुरबार या शास्त्राचा केवळ लाभार्थी राहणार नाही. त्याचा भागीदार होईल.